ग्रँड आयलंडच्या कोरलवरचे स्पंज खरवडायचे का? जरा लांब उत्तर देतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. वास्कोच्या एका डायव्हिंग ग्रुपला सीझन सुरू झाला की ग्रँड आयलंडला पाण्याखालची सफाई करायची आहे. तिथल्या कोरलवर, म्हणजे प्रवाळांवर, केशरी, काळपट स्पंज (तळाला चिकटून राहणारे साधे प्राणी) चढलेले दिसतात. अर्ध्या ग्रुपचं म्हणणं ते खरवडून टाकूया, कोरलला श्वास घेता येईल. उरलेल्या अर्ध्यांनी कुठेतरी वाचलंय की स्पंज नसतील तर रीफ, म्हणजे कोरलने बांधलेला खडक आणि त्यावरची सगळी वस्ती, उपाशी मरतं, म्हणून हात लावायचा नाही. कोणाचं बरोबर?

खरवडू नका. पण "स्पंज रीफला पोसतात" हे वाक्यही उचलून जसंच्या तसं ग्रँड आयलंडला चिकटवू नका, कारण ज्या पाण्यात ते संशोधन झालं ते पाणी आणि आपलं पाणी यात फार फरक आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. मी गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळाच्या जीवांचे सर्व्हे करतो, त्यामुळे हा वाद बोटीवर कायम ऐकतो आणि दोन्ही बाजू तावातावाने बोलत असतात.

आधी हिशेब नीट मांडू. रीफवर उन्हातून अन्न बनवणारे वेगळे असतात. कोरलच्या पेशीत राहणारी झुझॅन्थेली नावाची एकपेशीय शैवालं, मेलेल्या खडकावर उगवणारं बारीक शेवाळ, गुलाबी रंगाची चुनखडी शैवालं, हे खरे उत्पादक. त्यांचं ढोबळ उत्पादन प्रचंड असतं, पण रीफवरचे सगळे जीव मिळून श्वसनात जवळपास तेवढंच जाळतात, म्हणजे पगार लाखाचा आणि महिनाअखेरीस शिल्लक शून्य, तरी घर व्यवस्थित चाललेलं. असं घर चालतं कशावर? तर आत आलेला पैसा बाहेर जायच्या आधी घरातच चार वेळा फिरतो म्हणून. स्पंजाचं काम या फिरण्यात आहे, कमावण्यात नाही.

कमावण्यात अजिबातच नाही असंही नाही म्हणा. काही स्पंजांच्या अंगात सायनोबॅक्टेरिया असतात आणि ते प्रकाशसंश्लेषण करतात. क्लाइव्ह विल्किन्सन यांनी १९८३ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरच्या डेव्हिस रीफबद्दल दाखवलं होतं की तिथल्या उतारावरच्या दहा कॉमन जातींपैकी सहा जाती स्वतःला लागतं त्यापेक्षा जास्त बनवतात. चपट्या, पसरट, उन्हाकडे तोंड करून बसलेल्या जाती या. पण त्यासाठी स्वच्छ पाणी आणि भरपूर ऊन लागतं. ग्रँड आयलंडला नोव्हेंबरात उतरून हात लांब केला की बोटं दिसेनाशी होतात, तिथे या कमाईवर फार भरवसा ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. उष्ण कटिबंधातला उघडा समुद्र निळाशार दिसतो कारण त्यात फारसं काही नसतं. नायट्रेट, फॉस्फेट नावालाच. आणि त्या वाळवंटासारख्या पाण्यात मध्येच रीफ, माशांनी गजबजलेलं. हे कोडं डार्विनच्या नावाने ओळखलं जातं आणि त्यावर गेली कित्येक दशकं माणसं डोकं खाजवतायत. उत्तराचे तुकडे बरेच आहेत, कोरल आणि शैवालाची भागीदारी हा एक, बाहेरून येणारा प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खाणारे मासे हा दुसरा, नायट्रोजन बांधणारे बॅक्टेरिया तिसरा. पण एक गळती राहायची. कोरलमधली शैवालं जेवढा कार्बन बांधतात त्यातला बराच, कधी कधी निम्म्यापर्यंत, कोरल चिकट म्युकसच्या रूपात पाण्यात सोडून देतं. ख्रिश्चन वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या हेरॉन आयलंडवर मोजलं, २००४ मध्ये छापून आलं, की या म्युकसचा ५६ ते ८० टक्के भाग पाण्यात विरघळूनच जातो. शैवालंही दिवसभर साखरेसारखे पदार्थ पाझरत असतात. म्हणजे रीफने कमावलेल्यातला मोठा वाटा विरघळलेल्या रूपात पाण्यात जातो, आणि मासा, खेकडा, शंख यातलं कोणीच ते पाणी पिऊन पोट भरू शकत नाही. लाट आली की ते सगळं बाहेरच्या समुद्रात.

बॅक्टेरिया ते खाऊ शकतात, हे माहीत होतं. बॅक्टेरिया खातात, त्यांना बारीक एकपेशीय जीव खातात, त्यांना थोडे मोठे, असं करत करत वर जातं. फारूक आझम आणि मंडळींनी १९८३ मध्ये ही साखळी मांडली, मायक्रोबियल लूप म्हणतात तिला. पण प्रत्येक पायरीवर बराचसा कार्बन श्वसनात उडून जातो, आणि पाणी रीफवरून वाहत जातं त्या वेळात ही साखळी पुरी होईलच असं नाही.

इथे स्पंज येतो. दहावीच्या पुस्तकात रंध्रीय प्राणिसंघ म्हणून एक पान असतं, ऑस्टिया, ऑस्क्युला, कॉलर पेशी, परीक्षेला पाठ केलं आणि विसरलो असं सगळ्यांचंच होतं. तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर बारीक छिद्रं, आत नळ्यांचं जाळं, आणि त्या नळ्यांच्या कडेने कॉलर पेशी ज्यांची शेपटी अखंड हलत असते, त्यामुळे पाणी छिद्रातून आत ओढलं जातं आणि वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर फेकलं जातं. एक किलो स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी असं काढतो. विश्वास बसत नसेल तर संशोधक सिरिंजने हिरवा फ्लुरोसिन रंग स्पंजाच्या बुडाशी सोडतात त्याचे व्हिडिओ बघा, काही सेकंदात वरच्या भोकातून हिरवी धार निघते. (तुम्ही टुरिस्ट घेऊन जाता तिथे हा प्रयोग करायला जाऊ नका, प्लीज.)

या पाण्यातले बॅक्टेरिया स्पंज फार कार्यक्षमतेने पकडतो, बऱ्याच जाती तीन चतुर्थांशाहून जास्त पकडतात. हे पूर्वीपासून ठाऊक होतं. पण सत्तरच्या दशकात हेन्री रायस्विग जमैकात स्पंजांचा हिशेब मांडायला बसले तेव्हा काही जातींचं जमेना, दिसणारं अन्न त्यांच्या खर्चाला पुरत नव्हतं. म्हणजे न दिसणारं, विरघळलेलं काहीतरी खात असणार. त्या वेळी हे मोजायची साधनं आजच्यासारखी नव्हती, त्यामुळे हा मुद्दा बरीच वर्षं तसाच राहिला.

मग नेदरलँड्सचे यास्पर द खुय. कुरासाव बेटावर काम करायचे, कॅरिबियनमध्ये. त्यांनी पाहिलेला स्पंज बघायला गेलात तर तुम्ही ढुंकूनही बघणार नाही असा आहे, हॅलिसार्का सेरुलिया, कपारीत आणि खडकाच्या पोटाला चिकटलेला पातळ थर. हा पठ्ठ्या रोज स्वतःच्या अंगातल्या कार्बनच्या दोन तृतीयांश इतका विरघळलेला कार्बन आत घेतो. आता एवढं खाल्लं तर दोन-तीन दिवसांत दुप्पट व्हायला हवा ना? होत नाही. वाढच जवळपास नाही. श्वसनात सगळं जळतं म्हणावं तर तेही नाही, मोजलं तर श्वसनात निम्म्याहून कमीच जातं. मग उरलेलं जातं कुठे?

उत्तर पेशींमध्ये मिळालं. या स्पंजाच्या कॉलर पेशी साधारण पाच-सहा तासांत विभागतात, प्राण्यांच्या जगात हा वेग अचाट आहे, आणि जुन्या पेशी तो सतत बाहेर टाकून देतो. रोज सकाळी स्पंजाखाली तपकिरी भुकटीसारखा थर दिसतो तो हाच. म्हणजे विरघळलेलं अन्न आत गेलं आणि कणांच्या रूपात बाहेर पडलं. आणि कण म्हटल्यावर खाणारे तयारच आहेत, तळावरचे शंख, कृमी, ब्रिटल स्टार (तारामाशाचे लांब बारीक हातांचे भाऊबंद), बारीक खेकडे. त्यांना मोठे मासे खातात. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये हे आलं तेव्हा त्यांनी ते नुसतं तर्काने मांडलं नव्हतं, जड कार्बन आणि जड नायट्रोजन, म्हणजे तेरा नंबरचा कार्बन आणि पंधरा नंबरचा नायट्रोजन, यांनी खूण केलेलं विरघळलेलं अन्न स्पंजाला दिलं, मग ती खूण स्पंजात, मग त्याच्या टाकलेल्या भुकटीत, आणि शेवटी शंखात आणि ब्रिटल स्टारमध्ये सापडली. टाकीतही केलं आणि रीफवरही. याला स्पंज लूप म्हणतात. त्यांचा अंदाज असा की या वाटेने फिरणारं अन्न अख्ख्या रीफच्या ढोबळ प्राथमिक उत्पादनाच्या जवळपास जातं.

थोडं थांबून हा आकडा नीट समजून घ्या. स्पंजाने त्यात नवीन एक कणही कमावलेला नाही. जे वाहून जाणार होतं ते त्याने रीफवरच अडवलं, आणि कोणालातरी खाता येईल अशा रूपात आणलं. बस. "स्पंज रीफला पोसतात" चा खरा अर्थ एवढाच, आणि तो काही लहान अर्थ नाही.

नंतर लॉरा रिक्स यांनी रेड सी मध्ये आणि नॉर्वेच्या थंड, खोल पाण्यातल्या कोरलवर दाखवलं की कोरलचं म्युकसच स्पंज खातो आणि त्याची भुकटी करतो, म्हणजे ही भानगड कुरासावपुरती नाही. त्यांच्याच कामात आणखी एक चीज आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, शैवालातून पाझरलेलं अन्न स्पंज कोरलच्या म्युकसपेक्षा भराभर उचलतात आणि भराभर भुकटी करतात. म्हणजे रीफवर कोरल कमी आणि शेवाळ जास्त झालं की लूपचा वेग बदलतो. चांगल्यासाठी की वाईटासाठी यावर पुढे येतो.

आता दुसरी बाजू, कारण एवढ्यावर थांबलात तर ग्रुपमधल्या त्या अर्ध्या लोकांसारखं होईल. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विल्मिंग्टनच्या जोसेफ पॉलिक यांचा गट बरीच वर्षं कॅरिबियनमधल्या मोठ्या, उभ्या, पिंपासारख्या स्पंजांवर काम करतोय. झेस्टोस्पॉन्जिया म्यूटा नावाची जात, माणूस आत बसेल एवढी होते आणि शेकडो वर्षं जगते. त्यांना या मोठ्या स्पंजांत विरघळलेला कार्बन खाणं दिसलं, पण ती भुकटी अपेक्षेसारखी दिसली नाही. त्यांचं म्हणणं, कपारीतले पातळ स्पंज वाढायला जागाच नसल्यामुळे पेशी टाकत राहतात, उघड्यावरचे मोठे स्पंज मात्र तो कार्बन स्वतःच्या वाढीला वापरतात. शिवाय पॉलिक गटाने २०१६ मध्ये एक दुष्टचक्र मांडलं: शेवाळ विरघळलेलं अन्न सोडतं, स्पंज ते खाऊन नायट्रेट, फॉस्फेट पाण्यात सोडतात, ते शेवाळाला खत म्हणून मिळतं, शेवाळ आणखी वाढतं, आणि मध्ये कोरल मार खातं. कॅरिबियनमध्ये कोरल परत उभं राहत नाही याचं एक कारण हे असू शकेल असं त्यांचं मत. सगळ्यांना पटलेलं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर दोघांच्यात भांडण वाटतं तेवढं नाही, एक जण कपारीतल्या स्पंजांबद्दल बोलतोय आणि दुसरा उघड्यावरच्या, आणि रीफ आतून पोकळ असतं हे आपण विसरतो. डायव्हरला दिसतो तो वरचा थर. खाली भेगा, गुहा, कपारी यांचा पृष्ठभाग वरच्यापेक्षा जास्त भरतो आणि तिथे ऊन नाही म्हणून शैवाल नाही, राज्य स्पंजांचं. वरवर मोजणी करून "या रीफवर स्पंज पाच टक्के" असं लिहिणारे रिपोर्ट मी वाचतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं होतं का?

खतांचा विषय आलाच आहे तर दोन वाक्यं. बऱ्याच स्पंजांच्या अंगात बॅक्टेरियांची वस्ती इतकी दाट असते की काही जातींत वजनाचा तिसरा हिस्सा त्यांचाच भरतो, आणि हे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात, काही ठिकाणी नायट्रेटचा परत वायू करून उडवून लावतात. २०१५ मध्ये फ्लोरिडा कीजच्या स्पंजांत फॉस्फरस पॉलिफॉस्फेटच्या दाण्यांच्या रूपात साठवलेला सापडला, म्हणजे दुर्मिळ खत साठवून ठेवायचं कामही ते करतात.

आणि एक काम ज्याचा कार्बनशी संबंधच नाही, पण तुमच्या खरवडण्याच्या प्रश्नाशी थेट आहे. जेनी वुल्फ आणि लिओ बस यांनी १९७९ मध्ये 'नेचर'मध्ये एक साधा प्रयोग छापला, पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा. काही छोट्या रीफवरून स्पंज काढून टाकले, शेजारच्या तशाच रीफवर ठेवले. सहा महिन्यांनी बघितलं तर स्पंज काढलेल्या ठिकाणी ४० टक्के कोरल सुटून निघून गेलं होतं, आणि जिथे स्पंज होते तिथे ४ टक्के. स्पंज कोरलला खडकाशी धरून ठेवतात, मधल्या फटी भरतात, सुटे तुकडे एकमेकांना जोडून ठेवतात म्हणजे त्यावर गुलाबी शैवाल आणि पुढे नवं कोरल बसू शकतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर समुद्र काय करतो ते तुम्ही बायणाला उभे राहून बघितलंय. तुम्ही एप्रिलमध्ये स्पंज काढून कोरल "मोकळं" केलंत आणि पुढे पावसाळा आला, तर ऑक्टोबरला काय सापडेल?

आता याच्या बरोबर उलटं वागणारे स्पंजही आहेत, ते लपवायला नको. क्लायोना आणि त्याचे भाऊबंद चुनखडी पोखरतात. रसायनाने आणि पेशींनी कोरून अगदी बारीक चकत्या काढतात आणि आत घर करतात. डोना पावलाला किंवा शिरदोनला ओहोटीच्या वेळी चालत जा, कालवांचे रिकामे शिंपले उचला, अंगभर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसतील, बहुतेक वेळा ती याचीच करामत. कोचीच्या सीएमएफआरआयचे (केंद्र सरकारची सागरी मत्स्य संशोधन संस्था) पी. ए. थॉमस यांनी आपल्या देशातल्या या पोखरणाऱ्या स्पंजांवर मोठं काम करून ठेवलंय, शिंपल्यांची शेती करणाऱ्यांना ते कामी येतं. कोरलच्या सांगाड्यातही हेच चालतं, आणि कोरल आजारी असलं, पाण्यात खत जास्त असलं की क्लायोनाचं फावतं. दुसरा प्रकार टर्पिओस होशिनोटा, काळपट राखाडी, मिलिमीटरपेक्षाही पातळ थर, जिवंत कोरलवरून सरळ पसरत जातो आणि खालचं कोरल मरतं. ग्वामला सत्तरच्या दशकात लक्षात आला, आपल्या देशात पाल्क बेमध्ये नोंदला गेलाय. तुम्ही "काळपट" म्हणालात म्हणून हे मुद्दाम सांगतोय, पण काळं दिसलं की टर्पिओस असं नाही हं, काळे आणि जांभळे निरुपद्रवी स्पंज ढीगभर आहेत, फोटोवरून मीही सांगणार नाही, सूक्ष्मदर्शकाखाली स्पंजाच्या सांगाड्यातल्या बारीक सुयांचा आकार बघावा लागतो.

आता आपलं पाणी. वर सांगितलेलं जवळपास सगळं संशोधन स्वच्छ, गरीब पाण्यातलं आहे, जिथे एकेक कण वाचवणं हा जगण्याचा प्रश्न असतो. आपल्या जवळचं असं पाणी म्हणजे लक्षद्वीप. तिथे स्पंज लूप पूर्ण अर्थाने लागू पडावा असं मला वाटतं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत अँग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार, वरचा माथा साधारण वीस मीटरवर, तिथेही किनाऱ्याच्या गढूळपणाचा त्रास नाही. तिथल्या कपारींत स्पंजांचं काय चाललंय हे कोणी नीट मोजलं तर मी आनंदाने वाचीन.

ग्रँड आयलंड मात्र मुरगावच्या तोंडाशी आहे. मांडवी आणि झुवारी दोन्ही नद्या पावसाळ्यात गाळ, पालापाचोळा, शेतातलं, शहरातलं सगळं आणून ओततात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोल समुद्रातलं थंड, खतांनी भरलेलं पाणी किनाऱ्याकडे वर येतं आणि त्यात ऑक्सिजन कमी असतो. एनआयओने, म्हणजे डोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, कळंगुटच्या शेजारच्या कांदोळीसमोर नव्वदच्या दशकापासून एकाच ठिकाणी पाणी मोजत ठेवलंय, आणि सय्यद वाजिह नक्वी यांच्या गटाने २००० साली दाखवलं की ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळ ऑक्सिजन जवळपास संपतो, कधी कधी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. म्हणजे इथे अन्नाचं दुर्भिक्ष्य ही अडचणच नाही. इथे कोडं उलटं आहे, एवढ्या गाळात, एवढ्या खतात, एवढ्या कमी ऑक्सिजनमध्ये कोरल टिकतंच कसं? टर्बिनेरिया, पोरायटिस, गोनिओपोरा अशी गाळ सोसणारी जातच इथे जास्त दिसते, आणि खरं सांगायचं तर याला रीफ म्हणण्यापेक्षा खडपावरचे कोरलचे ठिगळ म्हणणं जास्त प्रामाणिक आहे.

या पाण्यात स्पंज काय करतो? माझ्या मते विरघळलेलं वाचवण्यापेक्षा पाण्यातले बॅक्टेरिया आणि बारीक प्लँक्टन गाळून काढण्याचं काम इथे मोठं असावं. फ्लोरिडा बे मध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शैवालाच्या लाटेने स्पंज मोठ्या प्रमाणात मेले आणि तिथलं पाणी गाळण्याची क्षमता एकदम घसरली, त्यानंतरच्या हिरव्या पाण्याला तेही कारण धरलं जातं. आपल्याकडे तशी शेवाळाची लाट आली तर स्पंज, शिनाण्या, कालवं, ही गाळणारी मंडळी जितकी जास्त तितकं बरं. पण त्यालाही मर्यादा आहे, गाळ फार झाला की स्पंज पंप बंद करून बसतात, छिद्रं बुजतात. कमी ऑक्सिजनबद्दल मात्र ते चिवट आहेत, डेन्मार्कमधल्या एका साध्या ब्रेडक्रम्ब स्पंजावर २०१४ मध्ये प्रयोग झाला, आजच्या पातळीच्या काही टक्के ऑक्सिजनवरही तो जगला. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये पहिल्या डाइव्हला कोरल फिकं पडलेलं आणि शेजारी स्पंज टुमटुमीत दिसला तर "स्पंजाने कोरल खाल्लं" असा निष्कर्ष काढू नका. बऱ्याचदा कोरलचा तो भाग आधीच मेलेला असतो, उष्णतेने ब्लीच होऊन (आतली शैवालं जाऊन पांढरं पडून), गाळाखाली दबून, नांगर आपटून, आणि रिकामी झालेली जागा स्पंज घेतो. रिकामी जागा समुद्रात राहत नाही, स्पंज नसता तर शेवाळाने घेतली असती.

आता खरवडण्याचे व्यवहारी तोटे. एक तर स्पंज तुकड्यांतून परत उगवतात. हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन यांनी १९०७ मध्ये स्पंज कापडातून गाळून पेशी सुट्या केल्या तर त्या परत एकत्र येऊन नवे स्पंज झाले, तुमच्या स्क्रेपरने काय होणार. क्लायोना तर सांगाड्याच्या आत असतो, वरचं खरवडून तुम्ही फक्त कोरलची उरलेली कातडी सोलाल. टर्पिओस खरवडलात तर तुकडे पाण्यात उडून पलीकडच्या कोरलवर पडायचा धोका. आणि कायदा: रीफ बांधणारं कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. स्पंज काढताना कोरल तुटलं तर "आम्ही सफाई करत होतो" हे कोणी ऐकून घेणार नाही. वनखात्याच्या परवानगीशिवाय तळाला अवजार लावूच नका. शिवाय काही स्पंजांच्या सुया आणि विष हाताला लागलं की दोन-तीन दिवस आग होते, ग्लोव्हज घालून हात लावायची मुभा मिळते असंही समजू नका.

मग सफाईत करायचं काय? जाळी काढा. तुटलेली नायलॉनची जाळी आणि गरी ही त्या खडपावरची खरी अडचण आहे, पण जाळं जुनं असेल आणि त्यावर स्पंज, कोरल बसलं असेल तर ओढू नका, सुटा भाग कापून घ्या आणि अंगावर चढलेला तुकडा तिथेच राहू द्या. प्लास्टिक, बाटल्या काढताना आत ब्रिटल स्टार, खेकडे असतात ते झटकून खाली सोडा. आपल्या बोटींचा नांगर कोरलवर पडतो तो थांबवा, कायमची मूरिंग बोया (नांगर न टाकता बोट बांधायचा तरंगता गोळा) बसवायला परवानगी मागा. एवढं एक झालं तरी शंभर स्पंज खरवडण्यापेक्षा जास्त कोरल वाचेल, पण नांगराचा विषय काढला की बोटवाले नाराज होतात म्हणून सगळ्यांना स्पंज सोपा वाटतो.

आणि त्या काळपट स्पंजाची शंका मनात राहत असेल तर पाच-सहा कोरल निवडा, जिथे स्पंज आणि जिवंत कोरल यांची सीमा स्पष्ट दिसते अशी. पट्टी किंवा स्लेट शेजारी ठेवून एकाच कोनातून फोटो काढा, जागा लिहून ठेवा, दर महिन्याला तोच फोटो. सीमा जिवंत कोरलच्या दिशेने सरकतेय की जिथल्या तिथे आहे हे मे महिन्यापर्यंत कळेल. सरकत असेल तर तेवढे फोटो आणि तारखा घेऊन डोना पावलाला एनआयओत दाखवा, नमुना घ्यायचा की नाही ते परवानगी असलेले लोक ठरवतील. जिथल्या तिथे असेल तर टॉर्च घेऊन त्याच कोरलच्या पोटाखाली बघा, कपारीतले पातळ स्पंज आणि त्यांच्या खालची तपकिरी भुकटी दिसतेय का, आणि त्या भुकटीत ब्रिटल स्टारचे हात हलताना दिसतायत का. इथल्या गढूळ पाण्यात लूप कितपत चालतो याची माहिती फारच थोडी आहे, त्यामुळे असे फोटो मलाही पाठवा.